तेवढीच जागा

आमच्या घरात माणसं उलटी चालून पोट भरतात. लग्न ठरवताना हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दोरवाल्यांचं घर आहे, खाऊन-पिऊन सुखी आहेत, एवढंच कानावर आलं होतं. पहिल्याच सकाळी उठून बघते तो मामंजी कमरेला घायपाताच्या वाखाचा भला मोठा गठ्ठा गुंडाळून, तोंड घराकडं आणि पाठ जगाकडं करून मागं मागं चाललेले. इकडं छपराखाली सासूबाई चाक फिरवताहेत. मनात म्हटलं, बाई गं, कसल्या घरात येऊन पडले! हा म्हातारा कुठंतरी आपटणार आणि नाव माझ्या पायगुणाचं होणार.

पण मामंजी कधी आपटले नाहीत. आमच्या छपरापासून ओढ्याच्या काठाकाठानं एक लांब सरळ पट्टा होता. रुंदीला म्हणाल तर एखादी गाडी वळेल न वळेल एवढा, पण लांबीला अगदी नजर पोचेपर्यंत. गवताची काडी उगवायची नाही त्यावर. मामंजींच्या बापापासून सगळ्यांनी टाचांनी ठोकठोकून जमीन अशी केली होती की पाऊस पडला तरी पाणी वरून वाहून जायचं. चाकाच्या आकड्याला वाख अडकवायचा, चाक फिरायला लागलं की बोटांतून वाख सोडत मागं सरकायचं. सुतळी आपोआप पिळत जाते. मागं वळून बघायचं नाही. बघितलं की हात ढिला पडतो आणि सुतळी कुठं जाड कुठं बारीक होते. जमीन टाचेनंच ओळखायची.

पट्टा जेवढा लांब तेवढा दोर लांब. यात दुसरी काही अक्कल नाही. जोड देऊन दोर वाढवता येतो, पण जोड म्हणजे जोड. दावी, कासरे, विहिरीचे सोल असले लहान दोर कोण घेतं आता? बाजारात रंगीत नायलॉनची भेंडोळी टांगलेली असतात. आम्हाला एकाच दोरानं जगवलं होतं, तो म्हणजे नदीवरच्या तरीचा. या काठापासून त्या काठापर्यंत दोर बांधलेला, आणि नावाडी तो हातानं ओढत तर, म्हणजे नाव, पलीकडं नेतो. नायलॉननं त्याचे तळहात कापले जातात आणि जोडाचा दोर कप्पीत अडकतो. एकदा तर नाव माणसांसकट मधोमध अडकली होती, तेव्हापासून त्यानं कानाला खडा लावला. दर वर्षी पाणी चढायच्या आत नवा दोर, एकसंध, आमच्याकडूनच. वर्षाचं अर्धं घर त्या एका दोरावर चालायचं.

पट्टा मात्र आमचा नव्हता. तो मोठ्या घराच्या कुरणाचा एक काठ. म्हातारे मालक होते तोवर त्यांच्या जनावरांना दावी-कासरे आमच्याकडून जायचे आणि आम्ही त्यांच्या काठावर मागं मागं चालायचो. बोलणं एवढंच झालेलं. मालक गेले. जनावरं विकली गेली. मालकीणबाई, म्हणजे त्यांची मुलगी, शहरातून आली आणि कुरणाचे प्लॉट पडणार असं गावभर झालं.

ती बाई वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकते. स्वतः आमच्या दारात आली. नकाशा घेऊन आली. छपरात सासूबाईंच्या स्टुलावर बसली, आणि तिच्या चांगल्या कपड्यांना वाखाची कुसं चिकटली तरी तिनं झटकली नाहीत.

"काका, घाबरू नका," ती मामंजींना म्हणाली. "प्लॉट पाडताना थोडी जागा मोकळी सोडावीच लागते. नियमच आहे. मी ती ओढ्याच्या काठानं सोडलीय. हे बघा, ही हिरवी रेघ. हा तुमचाच पट्टा आहे."

मामंजींनी नकाशाकडं बघितलं. त्यांना त्यातलं काय कळलं देव जाणे. त्यांनी हिरव्या रेघेच्या एका टोकावर अंगठा ठेवला, दुसऱ्या टोकावर करंगळी ठेवली.

"म्हणजे इथून इथवर?"

"इथून इथवर. गावच्या परिषदेत नकाशा मंजूर झाला की झालं. मग कुणी तुम्हाला उठवणार नाही."

ओढ्याकाठची ती जागा विकली जाण्यासारखी नव्हतीच, हे ह्यांनी मला नंतर सांगितलं. ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, प्रत्येक गोष्टीत पाणी कुठं मुरतं ते शोधायची खोड आहे. मी म्हटलं, "मुरू द्या की. आपला पट्टा राहतोय ना?" त्या दिवशी सासूबाईंनी चहात साखर जरा जास्त घातली.

जाताना मालकीणबाईंनी मला बाजूला घेतलं. "सभेला आलात तरी चालेल, नाही आलात तरी चालेल. आलात तर गुपचूप बसा. असे नकाशे पटापट पुढं जातात."

"आम्ही कशाला बोलतोय!" मी म्हटलं.

सभेच्या दिवशी मामंजींनी दाढी केली. दाराजवळच्या खुंटीवरून मापाचा दोर काढला आणि खांद्यावर घातला. हा दोर मामंजींच्या वडिलांनी वळलेला. पट्ट्याच्या लांबीचा, तंतोतंत. दर वर्षी तरीचा दोर झाला की त्याच्याशेजारी हा पसरून माप बघायचं आणि तेलाचा हात फिरवून पुन्हा खुंटीला लावायचा. 

"तो कशाला ओझं?" हे म्हणाले.

"लोक कागद घेऊन येतील. आपल्याकडं कागद कुठाय?" मामंजी म्हणाले. "आपलं हेच."

परिषदेची खोली म्हणजे लांबलचक टेबल, भिंतीला पोपडे आलेले, आणि कोपऱ्यात नुसताच गरगरणारा पंखा. अध्यक्षबाई मधोमध बसलेल्या, जाड चष्म्याच्या, पिकल्या केसांच्या. शेजारी अभियंता साहेब, कोवळा माणूस, पेन्सिल कानावर. बाकी सभासद पाच-सहा. त्यातला किराणावाला तेवढा आमच्या ओळखीचा, आणि तो डुलक्या घेत होता. आम्ही मागच्या बाकावर बसलो. माझ्या अंगाला वाखाचा वास येत होता आणि शेजारची बाई सरकून बसली, हे मला कळलं.

आधी गटाराचं निघालं. ते एवढं चऱ्हाट लागलं की संपेचना. मग दिव्याच्या खांबाचं. मग अध्यक्षबाईंनी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "कुरणाच्या जागेचे निवासी प्लॉट. नियमाप्रमाणे रस्ते आहेत, मोकळी जागा आहे. कुणाची हरकत?"

कुणी बोललं नाही. मालकीणबाई खाली बघत बसली होती. अध्यक्षबाईंनी शिक्का उचलला. मी डोळ्यांनी बघितलं, शिक्का हातात होता.

आणि मामंजी उठून उभे राहिले.

हरकत घ्यायला नव्हे हो. आभार मानायला! त्या माणसाला जन्मात कुणाचं काही फुकट घेता आलं नाही. शेजारणीनं वाटीभर काही दिलं तर वाटी रिकामी परत जायची नाही. इथं तर अख्खा पट्टा मिळत होता. त्यांनी हात जोडले.

"बाईसाहेब, उपकार झाले तुमच्या सगळ्यांचे. माझी दोराची जागा राखलीत. म्हाताऱ्याचं पोट राखलंत."

शिक्का हवेतच राहिला. साहेबांनी कानावरची पेन्सिल काढली. "कुठली दोराची जागा?"

"ती हिरवी," मामंजी म्हणाले. "ओढ्याकाठची."

साहेबांनी नकाशा स्वतःकडं ओढला आणि पहिल्यांदाच नीट बघितला. मालकीणबाईंनी डोळे मिटून घेतले. मला तेव्हाच समजलं, घात झाला. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

"ही मोकळी जागा अशी पट्टीसारखी कशी चालेल?" साहेब म्हणाले. "लोकांच्या मुलांनी खेळायचं कुठं? नियमात स्पष्ट आहे. एका ठिकाणी, नीट रुंद पाहिजे. हा काय बोळ आहे का?"

"बोळात क्रिकेट खेळतील की," किराणावाला जागा होऊन म्हणाला, आणि सगळे हसले.

मामंजीही थोडे हसले. आपल्यावर आलेलं संकट त्यांना समजलंच नव्हतं. अध्यक्षबाईंना मात्र त्यांची दया आली, आणि खरं सांगते, त्या दयेनंच आमचा गळा कापला. त्या म्हणाल्या, "थांबा, थांबा. या बाबांचं काय ते ऐकू. बाबा, तुम्हाला किती जागा लागते?"

आता कुणाही माणसाला विचारलं तर तो सांगेल, एवढी लांब, एवढी रुंद. पण आमच्या घरात रुंदी कुणी मोजलीच नव्हती कधी. दोराला काय रुंदी असते? मामंजी पुढं गेले, खांद्यावरचं भेंडोळं काढलं आणि अध्यक्षबाईंसमोर टेबलावर ठेवलं.

"एवढी," ते म्हणाले.

भेंडोळं टेबलाच्या कोपऱ्यात मावलं. बाजूला पाण्याचा तांब्यासुद्धा तसाच राहिला.

"एवढीच ना?" अध्यक्षबाई हसल्या. "मग काय अडचण आहे? साहेब, यांच्या जागेतली टीचभर कमी करायची नाही. तेवढीच जागा नीट चौकोनात काढा, वरच्या कोपऱ्यात. मुलंही खेळतील आणि बाबाही बसून दोर वळतील."

साहेबांनी कागदावर आकडेमोड केली. "होईल. तेवढीच जागा बसते. बरोबर तेवढीच."

"तेवढीच?" मामंजींनी विचारलं.

"तेवढीच, बाबा. उलट चांगली ऐसपैस रुंद होईल."

"रुंदीचं मला काही नाही," मामंजी म्हणाले. "पण असली तर असू द्या."

मी उभी राहिले. "साहेब, पण लांबी? लांबी तेवढीच राहील का?"

"बाई, चौकोनाला लांबी-रुंदी सारखीच असते," साहेब म्हणाले, आणि पुन्हा हशा झाला. माझे कान तापले. तरी मी म्हटलं, "तसं नाही हो, आम्हाला मागं जावं लागतं..."

"गप गं सूनबाई," मामंजी मागं न वळता म्हणाले. "तेवढीच म्हणाले ना ते? मोठी माणसं आहेत. चार लोकांत अविश्वास दाखवू नये."

"शेजाऱ्यांची संमती आहे असं लिहा," अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि शिक्का पडला. मामंजींनी पुन्हा हात जोडले आणि भेंडोळं खांद्यावर घेतलं. घरी येईपर्यंत ते खूश होते. वाटेत म्हणाले, "बघ, रुंदीसुद्धा दिली."

निघताना मालकीणबाई परिषदेच्या दारातच आमच्यासाठी थांबली होती. ती मला म्हणाली, "मी सांगितलं होतं ना गुपचूप बसा म्हणून?" आणि निघून गेली. तिच्या तोंडून मी ऐकलेलं ते शेवटचं वाक्य. तिचा नकाशा मंजूर झाला होता.

काही दिवस काहीच झालं नाही. आम्ही तरीच्या दोराला लागलो. वाख भिजवायचा, कुटायचा, फणीतून विंचरायचा. विंचरताना बोटांना चिरा पडतात आणि त्या चिरांत वाखाचं पाणी झोंबतं. त्या दिवसांत मी हातानं जेवूही शकत नाही, चमचा धरते. हे कुटायचे, मी विंचरायची, सासूबाई चाकावर, मामंजी पट्ट्यावर. सासूबाईंचा उजवा खांदा डाव्यापेक्षा जाड झालाय चाकानं, आणि दुखतो म्हणून त्या कधी बोलल्या नाहीत. फक्त झोपताना कुशी बदलत नाहीत.

एका सकाळी धुकं होतं. मामंजींनी कमरेला वाख बांधला, आकड्याला टोक लावलं आणि निघाले मागं मागं. सासूबाई चाक फिरवताहेत, मी वाख भिजवतेय. सुतळी चालली होती धुक्यात. आणि एकदम ती ढिली पडली.

सासूबाईंचा हात थांबला. सुतळी अशी ढिली पडलेली आम्ही कुणीच कधी पाहिली नव्हती. मी धावले.

मामंजी पट्ट्याच्या मध्यावर उताणे पडले होते. पायाखाली एक खुंटी होती, नवीकोरी, डोक्याला लाल रंग लावलेली. अगदी पट्ट्याच्या मधोमध ठोकलेली. आदल्या संध्याकाळी आम्ही बाजाराला गेलो तेव्हा कुणी येऊन ठोकून गेलं असणार. पुढं आणखी एक होती. तिच्या पुढं आणखी. पट्टा आडवा कापत लाल डोकी धुक्यात गेली होती.

"ही कुठून आली?" मामंजी पडल्या पडल्या म्हणाले. त्यांचं कोपर सोलवटलं होतं. मी उठवायला हात दिला तर घेईनात. "थांब. आधी सुतळी बघ. पीळ गेला का?"

पीळ गेला होता.

धुकं उठल्यावर सगळं दिसलं. आमचा पट्टा प्लॉटांत वाटला गेला होता. एकेका खुंटीआड उद्याची कुणाकुणाची मोरी, कुणाचं न्हाणीघर, कुणाची मागची भिंत. आणि वरच्या कोपऱ्यात, रस्त्याच्या कडेला, चुना टाकून एक चौकोन काढलेला. चांगला ऐसपैस. मामंजींनी मापाचा दोर आणला. एक टोक मी चौकोनाच्या रेघेवर धरलं आणि ते मागं निघाले, लंगडत. थोडंच गेले आणि पलीकडची रेघ आली. त्यांच्या हातात भेंडोळं अजून पाऊण उरलं होतं. ते तिथं उभे राहिले. पुन्हा माझ्यापर्यंत आले, पुन्हा गेले, पुन्हा आले. दोर नागमोडी दुमडत गेला आणि चौथ्या खेपेला संपला.

"साहेब चुकले असतील," मामंजी म्हणाले. "कोवळं पोर आहे. जाऊन सांगतो."

साहेब चुकले नव्हते. त्यांनी मामंजींना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि कागदावर सगळं दाखवलं. लांबी गुणिले रुंदी इथं, बाजू गुणिले बाजू तिथं. "बाबा, मी टीचभर तरी कमी केलं का? तुम्हीच सांगा." मामंजी कागदाकडं बघत राहिले. मी म्हटलं, "साहेब, दोर सरळ रेषेत होतो." साहेब म्हणाले, "मग तुम्ही सभेत सांगायचं होतं." मी म्हटलं, "सांगत होते! तुम्ही हसलात!" त्यावर ते गप्प झाले, हे खरं. पण त्यांच्या गप्प होण्यानं लांबी वाढत नव्हती.

अध्यक्षबाईंना खरंच वाईट वाटलं. "मी तुमच्या भल्यासाठीच केलं हो," त्या पुन्हा पुन्हा म्हणाल्या. "पण मंजूर झालेला नकाशा फिरवायचा म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सगळं. प्लॉट विकले गेलेत. लोकांनी घरासाठी पोटाला चिमटा काढलाय, त्यांना काय सांगू? आणि संमती तुमचीच आहे, बाबा." मग थोडं थांबून म्हणाल्या, "कोपऱ्यावरून वळवून नाही का होणार? गोल गोल?"

घरी येताना मामंजी म्हणाले, "बघू या वळवून."

हे भडकले. "काय बघायचंय? तुम्हाला माझ्यापेक्षा कमी कळतं का? दोर वळणावर मरतो हे तुम्हीच शिकवलंत!"

"तरी बघू," मामंजी म्हणाले. "मोठ्या बाई म्हणाल्या आहेत."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तशातली गत. चाक उचलून चौकोनात नेलं. चारी कोपऱ्यांवर गुळगुळीत खांब रोवले, त्यांना तेल चोपडलं. मामंजी पहिल्या बाजूनं मागं गेले, कोपऱ्यावर वळले. सासूबाई चाक फिरवतच होत्या. पहिल्या खांबापर्यंत पीळ असा चढला की सुतळी गाठी मारायला लागली, काठीसारखी ताठ. खांबाच्या पलीकडं मात्र नुसता ओला वाख लोंबत होता. सासूबाईंनी आणखी जोर लावला. मी म्हटलं, "आत्याबाई, पुरे." त्या थांबल्या नाहीत. दात आवळून फिरवत राहिल्या, जणू जोरानं पीळ कोपरा ओलांडेल. शेवटी खांबापाशी सुतळी तुटली आणि चाक मोकळं होऊन त्यांच्या कोपरावर बसलं. त्या चाकाशेजारी मातीत बसल्या आणि रडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मामंजी दुसऱ्या बाजूला पाठ करून उभे होते, हातात ओल्या वाखाचा झुपका. त्यांनी वळून बघितलं नाही.

तरीचा दोर अर्धवट होता. नावाडी रोज येऊन बसायचा, नदीकडं बघायचा. "जुना आता तुटतोय. पाणी चढलं तर पलीकडची माणसं पलीकडं राहतील." प्लॉटांचं काम करणारा मुकादम खुंट्यांच्या पलीकडं यंत्र लावून बसला होता. ह्यांनी त्याच्याशी बोलणी केली. काय बोलणी केली ते मला नंतर कळलं: आम्हाला दोर पुरा करू द्यायचा, आणि त्या बदल्यात पट्टा उकरायला हे त्याच्या माणसांत उतरणार. त्याला माणसं कमी पडत होती.

त्या खुंट्यांमधून आम्ही तो दोर वळला. मामंजी मागं जात आणि मी त्यांच्या पाठीमागं, त्यांच्या कमरेला हात लावून. "डावीकडं, मामंजी. आता पाऊल उचला. आता सरळ." ज्या माणसानं डोळे मिटून तो पट्टा आयुष्यभर तुडवला, त्याला मी आंधळ्यासारखी चालवत होते. ते मी सांगितलं तिथं पाऊल उचलत होते. त्यांच्या पाठीचा घाम माझ्या तळहाताला लागत होता आणि चिरा झोंबत होत्या.

सुतळ्या झाल्या, पेड झाले. मग तीन पेडांच्या मध्ये खाचांचं लाकूड घातलं. आम्ही त्याला गाजर म्हणतो, दिसतंही तसंच. ह्यांनी गाजर धरलं, टोकाला दगडांनी भरलेली घसरगाडी लावली, आणि पीळ चढेल तशी ती गाडी कुरकुरत पुढं ओढली जाऊ लागली. हे गाजर घेऊन सरकत गेले आणि मागं दोर तयार होत गेला, गच्च, गोल, एकसंध. मी दोर पुष्कळ पाहिलेत. असला दोर झाला नव्हता. मामंजींनी मापाचा दोर शेजारी पसरला, दोन्ही टोकांवर जाऊन वाकून बघितलं आणि मान हलवली.

नावाड्यानं दोरावरून हात फिरवला. मग म्हणाला, "पुढच्या वर्षी तार बघावी लागेल, दादा." 

"बघा," मामंजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मुकादमाची माणसं उतरली. ह्यांनी पहिली कुदळ मारली आणि ती ठणकन उडाली. पुन्हा मारली, पुन्हा तेच. माती निघेना. मुकादम ओरडला, "काय रे, खडक आहे का खाली?" बाकीच्यांनीही मारून बघितलं. कुदळीची धार मुडपली. "कसली जमीन आहे ही!" मुकादम म्हणाला. "कुणी ठोकून ठेवली एवढी?" शेवटी यंत्रच आणलं. हे संध्याकाळी घरी आले तर दोन्ही तळहातांना फोड. वाखानं आलेले घट्टे होतेच, त्यांच्या वर फोड. मी तेल लावायला बसले. ते म्हणाले, "आई-बापाच्या पाठीत कुदळ घातल्यासारखं वाटलं गं." मी दुसऱ्या हाताला तेल लावलं.

पुढं चार-आठ दिवसांनी परिषदेचा शिपाई आला. चौकोनात गाड्या घुसतात, जनावरं बसतात, तर पक्कं कुंपण होईपर्यंत भोवती दोर बांधायचा ठरला होता. "अध्यक्षबाईंनी मुद्दाम सांगितलंय, काम तुमच्याच घरी द्यायचं म्हणून," तो म्हणाला. त्याला वाटलं, आम्हाला आनंद होईल.

हे म्हणाले, "त्यांना सांग, नाही जमणार." 

"जमेल," मामंजी म्हणाले.

"नवा दोर वळायचा कुठं?" मी विचारलं.

मामंजी उठले. खुंटीवरून मापाचा दोर काढला.

"मामंजी, तो नको," मी म्हटलं.

"माप कशाचं घ्यायचंय आता?"

पट्ट्यावरचे आमचेच टेकू उपटून ठेवलेले होते, सुतळी जमिनीला लागू नये म्हणून रोवायचो ते. ते मी चौकोनाभोवती रोवले. मामंजींनी एका कोपऱ्यावर दोराचं टोक अडकवलं आणि तोंड त्या टोकाकडं, पाठ वाटेकडं करून मागं मागं निघाले, रेघेच्या आतल्या बाजूनं. मी "सांभाळा" म्हटलं नाही. इथं खुंट्या नव्हत्या. पहिला कोपरा आला, ते वळले. दोर खेचून घेतला, टेकूला वेढा दिला. दुसरा कोपरा, तिसरा. भेंडोळं लहान लहान होत गेलं. चौथी बाजू चालत ते जिथून निघाले तिथं आले, आणि शेवटचं टोक त्यांच्या हातात उरलं. ते टोक त्यांनी पहिल्या टोकाला लावून बघितलं. टेकलं. ना कमी, ना जास्त.

मामंजी दोन्ही टोकं हातात धरून उभे राहिले.

"सूनबाई," ते म्हणाले, "पुरा बसला गं. साहेब खोटं बोलले नव्हते."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रागानं आलं. "खोटं बोलले असते तर बरं झालं असतं, मामंजी. शिव्या तरी देता आल्या असत्या."

त्यांनी टोकं ताणली. सगळं अंग मागं टाकून ताणली, आणि गाठ मारली. तरीच्या दोराला मारतात ती, जी पाण्यात फुगून आणखी आवळते. मग इकडं तिकडं बघितलं आणि आपण आत राहिलोय हे त्यांच्या लक्षात आलं.

रस्त्यावरून एक जोडपं प्लॉट बघायला चाललं होतं. ते थांबून बघत राहिलं. मामंजींनी एक पाय उचलून दोरापलीकडं टाकला आणि तिथंच अडकले. पडल्यापासून त्यांचं कंबरडं धड नव्हतं. दुसरा पाय वर येईना. मी दोर खाली दाबला. तसूभर हलला नाही. दोन्ही हातांनी दाबला. शेवटी पोटाशी धरून सगळं वजन त्यावर टाकलं, तेव्हा कुठं तो थोडा वाकला आणि मामंजींनी माझ्या खांद्याला धरून दुसरा पाय बाहेर काढला.

मी सोडल्यावर दोर ताडकन जागेवर गेला. मामंजींनी त्याच्यावर हात ठेवून तो थरथरायचा थांबवला.

"माझ्या बाबांनी चांगला वळला होता," ते म्हणाले, आणि आम्ही घरी आलो.